ओंगबाईंची वाट

ओंगबाईंच्या घराचं दार सताड उघडं दिसलं आणि चैताली जागीच थांबली.

सिंगापुरातल्या बेडोकच्या त्या बहुमजली ब्लॉकमध्ये म्हातारी माणसं दुपारी आतलं लाकडी दार उघडं टाकत, तेवढाच वारा. पण बाहेरची लोखंडी जाळी कुलूप घालून बंद असे. आज जाळीसुद्धा उघडी होती. शिवाय तो दिवस वारा घेण्याचा नव्हताच. दोन हजार तेराचा जून. पलीकडे सुमात्रात रानं पेटली होती आणि त्यांचा धूर समुद्र ओलांडून सिंगापूरवर येऊन बसला होता. हवेच्या प्रदूषणाचा आकडा चारशेच्या वर गेला, दुकानांतले मास्क संपले, लोकांनी खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. समोरचा ब्लॉक कालपर्यंत अंधुक का होईना दिसत होता. आज तोही नाहीसा झाला होता.

"बाई?" चैतालीनं दारातूनच हाक मारली. "बाई, आहात ना?"

आत पंखा फिरत होता. टेबलावर किटली होती आणि दोन कप मांडलेले होते, दोन्ही कोरडे. न्हाणीघरात कोणी नाही, स्वयंपाकघरात नाही, पलंगावर नाही. दाराशी टेकवलेली काठी जागेवर होती, सपाता मात्र नव्हत्या. ऐंशी पार केलेली, डोळ्यांनी अधू झालेली बाई काठी न घेता त्या धुरात बाहेर पडली होती. 

ती मूळचीच भित्री. पुण्याला कॉलेजात असताना लिफ्ट मध्येच बंद पडेल म्हणून जिन्यानं चढून जायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तर हिच्यापाठी दोन लागले होते. एक दूर समुद्रावर होता आणि दुसरा शहरातच, हौगांगला राहायचा.

समुद्रावरचा म्हणजे तिचा नवरा दीपेश नव्हे. तो बिचारा गरीब, जहाजावर सेकंड इंजिनिअर. पण त्याचं तेलवाहू जहाज यंदा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला गेलं होतं आणि तिथल्या चाच्यांच्या बातम्या वाचून चैतालीची झोप उडाली होती. जहाजवाल्यांच्या बायका करतात तेच तीही करायची: कॉम्प्युटरवर नकाशा उघडून नवऱ्याच्या जहाजाचा ठिपका बघत बसायची. ठिपका सरकला की जेवायची. परवापासून ठिपकाच दिसेना. चाच्यांच्या टापूत जहाजं मुद्दाम आपली खूण बंद ठेवतात, हे दीपेशनं तिला समजावलं होतं आणि तिला ते पटलंही होतं. पण पटणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं.

हौगांगचा ब्रह्मराक्षस म्हणजे ग्रेस, ओंगबाईंची भाची. ग्रेस वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, तिच्याशी भांडता आलं असतं. पन्नाशीची, बँकेत नोकरी करणारी, दर रविवारी मावशीला भाजी आणि औषधं आणून देणारी. गेल्या वर्षभरात ओंगबाई दोनदा वाट चुकल्या होत्या. एकदा बस इंटरचेंजवर सापडल्या, एकदा पोलिसांनी घरी आणून सोडलं. दुसऱ्या वेळी ग्रेस जिन्यात चैतालीला म्हणाली, "आणखी एकदा झालं ना, आय कॅनॉट ऑलरेडी, माझ्यानं नाही होणार. सरळ नर्सिंग होम. तिकडे सेफ तरी आहे, लाह." वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'लाह' लावता लावता तिचे डोळे भरून आले होते. त्या होममध्ये एक पलंग आणि एक छोटं कपाट मिळणार होतं. ओंगबाईंच्या घरात पुस्तकं छतापर्यंत होती. ती एका कपाटात कशी मावणार, हा प्रश्न चैतालीनं विचारला नाही आणि ग्रेसनंही काढला नाही.

त्या पुस्तकांतली काही ओंगबाईंनीच लिहिलेली होती. ओंग स्वी लान हे नाव एके काळी चिनी वाचणाऱ्या घराघरांत माहीत होतं. सतराव्या वर्षी तिची पहिली कथा छापून आली तेव्हा संपादकानं आईकडे निरोप धाडला, तुमच्या मुलाला भेटायला पाठवा. गेली ती मुलगी निघाली. संपादकानं तिला चहा पाजला आणि दुसरी कथा परत केली. मग ती दुसऱ्या वर्तमानपत्राकडे गेली. चिनी साहित्य शिकवायला लागली तेव्हा विभागात ती एकटीच बाई. मीटिंगमध्ये पुरुष प्राध्यापक तिला चहाचं बघायला सांगत, आणि ती उठून चहा करून आणायची, एकच कप, स्वतःपुरता. जुन्या कवितासंग्रहांत अगदी शेवटच्या पानांवर बायकांच्या कविता असत आणि त्यांच्याखाली नावं नसत. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. उमेदीची सगळी वर्षं घालून ओंगबाईंनी त्या बायकांची स्वतःची नावं हुडकून काढली. लग्न मात्र केलं नाही. "केलं असतं तर मीही शेवटच्या पानावर गेले असते," असं वर हसून सांगायच्या.

चैताली मराठी घेऊन एम.ए. झालेली. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, दिवसभर घरी एकटी. लिफ्टच्या दाराशी ओळख झाली आणि ती रोज दुपारी शेजारी जाऊन बाईंना इंग्रजी पेपर वाचून दाखवू लागली. शिकवणाऱ्या बाईला मराठीत बाईच म्हणतात हे कळल्यावर ओंगबाईंनी 'आंटी' बंद करायला लावलं. त्या तिला 'मिसेस चाय' म्हणायच्या. चिनी माणसाचं आडनाव आधी येतं, तेव्हा चाय हे आडनाव आणि ताली हे नाव, अशी त्यांनी आपल्या विद्वत्तेनं फोड केली होती. चैतालीनं चूक दाखवली, तर म्हणाल्या, राहू दे, छान आहे.

पहिल्याच दिवशी घरी निघताना चैताली सवयीनं म्हणाली होती, "आय विल कम, बाई." मराठी माणूस निघताना 'जाते' म्हणत नाही. चुकून तोंडातून गेलंच तर आई पाठीत धपाटा घालून 'येते म्हण' म्हणायची. ते इंग्रजीतही तसंच उतरलं. ओंगबाई बिचाऱ्या किटली तयार ठेवून संध्याकाळपर्यंत वाट बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "म्हणजे तुमच्या भाषेत कोणी जातच नाही?" 'येते' हा शब्द त्यांना इतका आवडला की त्यांनी तो कागदावर चिनी अक्षरांत उतरवून घेतला.

हे सगळं चांगल्या दिवसांतलं. हल्ली बाईंच्या डोक्यातून खुलासा निघून गेला होता आणि वाक्य तेवढं उरलं होतं.

आज दुपारी चैताली त्यांना जेवणाचा डबा देऊन घाईघाईनं निघाली. डोळ्यांसमोर नकाशा, मन कॉम्प्युटरपाशी. "आय विल कम, बाई," ती म्हणाली. आणि ओंगबाईंनी विचारलं, "केव्हा?" असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. चैतालीनं मागं वळूनही न बघता सांगितलं, "लगेच."

मग ती तासन् तास त्या निळ्या पडद्यासमोर बसून राहिली.

टेबलावरचे दोन कोरडे कप बघताना आता तिला ते 'केव्हा' आठवलं. आपल्यामुळे झालं. आपण बाईंना घराबाहेर काढलं. पोलिसांना फोन करावा तर ग्रेसला कळणार, म्हणजे उद्या पलंग आणि कपाट. न करावा आणि बाई या धुरात कुठे पडल्या, गाडीखाली आल्या, तर? मन चिंती ते वैरी न चिंती. तिला एकाच वेळी ओंगबाई रस्त्यात आडव्या दिसल्या आणि दीपेशचं जहाजही दिसलं. तिनं ओढणी तोंडाला बांधली आणि धावत सुटली. लिफ्टमध्ये शिरताना आपण लिफ्टला घाबरतो हेसुद्धा ती विसरली.

ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत चिटपाखरू नव्हतं. एरवी तिथे म्हातारे पत्ते कुटत बसलेले असत. बाहेर पाऊल टाकलं आणि डोळे चुरचुरायला लागले. ओली लाकडं चुलीत घातल्यासारखा वास घशात जाऊन बसला. सूर्य होता, पण पितळी वाटीसारखा लालसर आणि निस्तेज, त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. चैतालीला तेच जास्त भयंकर वाटलं.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, निम्मी दुकानं बंद होती. नूडल्सवाली मावशी नाकाला रुमाल बांधून भांडी घासत होती. ओंगबाई तिच्याकडचं रोजचं गिऱ्हाईक.

"ओंग? हो, इकडनंच गेली ना," मावशी मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "मी विचारलं, इतक्या धुरात कुठे? म्हणाली, पापाला आणायला. मी म्हटलं, तुझा पापा? तू एवढी म्हातारी, तुझा पापा कुठला? पण ऐकतेय कुठे. गेली."

चैतालीला तो पापा माहीत होता, बाईंनीच एकदा सांगितला होता.

बाई दहा वर्षांच्या असतानाची गोष्ट. जपानी सैन्य सिंगापुरात शिरलं त्या आठवड्यात तेलाच्या टाक्या जळत होत्या आणि भर दिवसा आकाश काळं झालं होतं. वडील चिनी शाळेत मास्तर. मुलगी रोज शाळेच्या फाटकाशी उभी राहून त्यांची वाट बघायची, मग दोघं हात धरून घरी यायची. एक दिवस हुकूम आला, चिनी पुरुषांनी चौकशीला हजर व्हावं. वडील एक सदरा पिशवीत घालून निघाले. मुलीला म्हणाले, लगेच येतो. नंतर कोणी सांगितलं ट्रकमध्ये बसवलं, कोणी सांगितलं समुद्रावर नेलं. ती काळ्या आकाशाखाली फाटकाशी उभी राहिली ती आई येऊन ओढून नेईपर्यंत. ओंगबाईंनी आयुष्यात ती गोष्ट एकदाही लिहिली नाही. बाकी सगळं लिहिलं.

आणि आज धूर होता, आणि कोणीतरी 'लगेच येते' म्हणून गेलं होतं.

शाळा. जवळची शाळा दोन ब्लॉक ओलांडून, मोठ्या रस्त्यापलीकडे. चैताली पळत असतानाच फोन वाजला. पडद्यावर ग्रेसचं नाव होतं. तिची पाचावर धारण बसली. फोन वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला, मग संदेश आला: 'मास्क मिळाले, आंटीला द्यायला निघालेय, ट्रेनमध्ये आहे.' चैतालीनं फोन मुठीत घट्ट दाबला आणि रस्त्यावर आली. गाड्या दिवे लावून चालल्या होत्या, दिवे आधी दिसत आणि गाडी मागून. ओंगबाईंनी हा रस्ता एकट्यानं कसा ओलांडला असेल?

जूनच्या सुट्टीमुळे शाळेचं फाटक बंद होतं. फाटकाच्या गजांना धरून एक लहानशी आकृती उभी होती. फुलाफुलांचा घरातला झगा आणि सपाता.

"बाई!"

ओंगबाईंनी वळून बघितलं आणि त्या दचकून गजांना चिकटल्या. धुरातून तोंड बांधलेलं कोणीतरी अंगावर धावून येत होतं. चैताली जागच्या जागी थांबली. तिनं ओढणी सोडली, तोंड उघडं केलं, तरी बाईंच्या नजरेत ओळख नव्हती. त्या चिनी भाषेत काहीतरी म्हणाल्या. मग समोरची बाई परकी आहे हे बघून इंग्रजीत म्हणाल्या, "शाळा सुटलेली नाही अजून."

"बाई, मी शेजारची. घरी चला. हवा फार वाईट आहे."

"बाबा लगेच येतो म्हणालेत."

"इथे नका थांबू हो. धूर आहे बघा किती."

"म्हणून तर थांबलेय," त्या समजूत घातल्यासारखं बोलल्या. "धुरात त्यांना मी दिसले नाही तर?" आणि त्यांना खोकल्याची ढास लागली. त्या वाकल्या, पण गजावरचा हात सोडला नाही.

चैतालीच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. 'बाबा घरी आलेत, बाई, तुमची वाट बघतायत.' एवढं म्हटलं की काम होणार होतं, आणि ग्रेस ट्रेनमधून उतरायच्या आत दोघी घरात असत्या. पण ते वाक्य तिच्यानं बोलवेना. उद्या आपल्याला कोणी असंच हसत हसत सांगितलं तर? आला बरं का दीपेश, चल घरी.  तिनं ओढणी बाईंच्या नाकातोंडाला नीट बांधली आणि मग काहीच सुचेना तशी फाटकापाशी फरशीवर बसली आणि रडायला लागली. चांगली हुंदके देऊन. किती दिवसांचं साठलेलं होतं कोण जाणे.

थोड्या वेळानं तिच्या डोक्यावर एक हात आला.

"तू कोणाची वाट बघतेस?" ओंगबाईंनी विचारलं.

"नवऱ्याची."

"येतो म्हणालाय?"

"हो. समुद्रावर आहे. त्याचं जहाज दिसत नाही मला. परवापासून दिसत नाही."

"केव्हा येतो म्हणाला?"

"तारीख आहे एक. पण आमच्याकडे सगळेच येतो म्हणून जातात, बाई. त्याला काही अर्थ नसतो. मला फार भीती वाटते. रोज वाटते. सकाळी उठल्यापासून वाटते."

ओंगबाई गजाला धरून हळूहळू तिच्याशेजारी खाली बसल्या.  ओढणी तोंडावर असल्यानं चेहरा दिसत नव्हता, नुसते दोन लालभडक डोळे.

"माझे वडीलही म्हणाले होते," त्या म्हणाल्या, आणि आवाज वर्गात बोलणाऱ्या बाईचा होता. "ते आले नाहीत."

चैतालीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"आईनं पेज केली. मी म्हटलं, बाबा आल्याशिवाय खाणार नाही. आई म्हणाली, न खाता किती दिवस वाट बघशील? मग मी खाल्ली. खूप खाल्ली. मला फार भूक लागली होती, आणि त्याची मला किती वर्षं लाज वाटायची." त्यांनी चैतालीचं मनगट पकडलं. "तू जेवलीस?"

"नाही."

"वाटलंच. ऊठ, मिसेस चाय. तुझा नवरा शाळेत नाही येणार. तो आला तर घरी येईल."

रस्ता ओलांडताना हात कोणी कोणाचा धरला होता ते सांगणं कठीण. ओंगबाई ठामपणे चालत होत्या, वाट मात्र चुकीची धरत होत्या. चैताली मनगटाला हलकेच हिसका द्यायची, त्या वळायच्या. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा समोर, उघड्या जाळीपाशी, ग्रेस उभी होती. हातात मास्कचा खोका, दुसऱ्या हातात फोन, चेहरा पांढराफटक.

"कुठे होतात तुम्ही दोघी? दार उघडं, फोन उचलत नाही कोणी, मला वाटलं," आणि पुढं तिला बोलवेना.

चैतालीला वाटलं, संपलं सगळं. पण ओंगबाई पुढं झाल्या.

"मिसेस चाय हरवली होती," त्या म्हणाल्या. "नवऱ्याच्या काळजीनं धुरात जाऊन बसली होती वेडी. मी शोधून आणली." आणि ओढणी सोडून, ती चैतालीच्या हातात देऊन, तांदूळ कुठे ठेवलेत ते शोधायला आत गेल्या.

ग्रेसनं चैतालीकडे बघितलं. "इज इट?"

खरं सांगावं तर बाई होममध्ये. खोटं सांगावं आणि पुढच्या खेपेला बाई त्या रस्त्यावर सापडल्या, तर ते पाप कुणाच्या माथी? चैतालीला दोन्हींची सारखीच भीती वाटत होती. कुठूनही निसटून जावं अशी जागाच नव्हती. आत डबे वाजत होते.

"हो," ती म्हणाली. "मी चुकले होते."

 ग्रेसनं दाराशी टेकवलेल्या काठीकडे बघितलं. दारात काढलेल्या, धुळीनं माखलेल्या मावशीच्या सपातांकडे बघितलं, चैतालीच्या हातातल्या ओढणीकडे बघितलं. ती बँकेत माणसांचं खरंखोटं तपासायलाच बसायची, तिला कोण फसवणार? आतून ओंगबाईंनी हाक मारली, पेजेला आलं किती घालू? ग्रेसनं डोळे पुसले, मास्कचा खोका चैतालीच्या हातात कोंबला आणि हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी तू हरवलीस ना, तर आधी मला फोन कर. कॅन ऑर नॉट?"

"कॅन," चैताली म्हणाली, आणि तिला पुन्हा रडू कोसळलं.